फ्रीजचं दार

आमच्या फ्रीजचं दार गेल्या गणपतीपासून नीट लागत नाही. रात्री झोपायच्या आधी आई त्याला स्टूल टेकवून ठेवते. स्टुलाचा एक पाय आखूड, त्यामुळे ते खडखडतं, आणि त्या खडखडाटावर मला ऐकू जाईल अशा बेताने आई म्हणते, "घरात चुंबकाची डॉक्टर आहे म्हणे."

पीएचडी अजून व्हायचीय. पण टोमणा इतका बिनचूक आहे की उलट बोलता येत नाही. फ्रीजच्या दाराला जे रबरी गॅस्केट असतं, त्याच्या पोटात एक काळपट पट्टी असते. बेरियम किंवा स्ट्रॉन्शियम फेराइटची (लोखंडाच्या ऑक्साइडपासून केलेल्या चुंबकी पदार्थाची) पूड प्लास्टिकमध्ये नाहीतर रबरात मळून ती काढतात. आणि मी गेली चार वर्षं काय करतेय? बेरियम फेराइटची पूड इपॉक्सीत, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या डिंकात मळतेय. कारखान्यात ती पट्टी मीटरवर निघते, माझ्याकडून रुपयाएवढी चकती निघायला दीड महिना जातो, एवढाच काय तो फरक.

कारखानेवाले लोखंडाचं ऑक्साइड आणि बेरियम कार्बोनेट एकत्र भाजतात, दळतात, मोकळे होतात. आम्ही पडलो संशोधक. आमची पूड रासायनिक पद्धतीने व्हायला हवी, म्हणजे कण बारीक आणि एकसारखे येतात आणि भट्टीही कमी तापवावी लागते. त्यासाठी दोन्ही धातूंची नायट्रेटं पाण्यात विरघळवायची, त्यात सायट्रिक अॅसिड (हो, तेच ते ढोकळ्यातलं लिंबूसत्त्व), मग थेंब थेंब अमोनिया घालत पीएच 7 वर आणायचा. अमोनियाने डोळे असे वाहतात की पहिल्या वर्षी लॅबमधल्या मामांना वाटलं, सर ओरडले. नंतर खरंच ओरडले, तेव्हा त्यांना वाटलं अमोनिया आहे.

पावसाळ्यात हे करू नये. फेरिक नायट्रेट हवेतलं पाणी ओढून घेतं. काट्यावर ठेवलं की आकडा डोळ्यांदेखत वर सरकतो आणि बघता बघता कागदावरच्या खड्यांचा पाक होतो. सूत्रात बेरियम 1 तर लोखंड 12, त्यात हयगय चालत नाही. एकदा जुलैत मी आईसारखा अंदाज केला: पाणी धरलंय ना, मग चिमूटभर जास्त घालू. आईच्या आमटीला तो अंदाज लागू पडतो. माझ्या एक्सआरडीच्या (क्ष-किरणांनी पदार्थ ओळखायच्या तपासणीच्या) आलेखात मात्र हेमॅटाइटची शिखरं उभी राहिली. हेमॅटाइट म्हणजे साधा गंजाचा भाऊबंद. तीन आठवडे रांगेत थांबून मी गंज तपासून आणला होता.

ते द्रावण तापवून आटवलं की त्याचं चिकट जेल होतं. ते जेल पेटतं तो क्षण मात्र मला अजून आवडतो. दिवाळीतली सापाची गोळी आठवा. तळाशी चमचाभर चिकट ऐवज असतो, तो एका कोपऱ्यात ठिणगी धरतो आणि फुसफुसत बीकर भरून वर येतो. तांबडा धूर निघतो, म्हणून हे सगळं फ्यूमहूडमध्ये, म्हणजे धूर ओढून घेणाऱ्या कपाटात. उरलेली राख पिसासारखी हलकी, शिंकायचं नाही. ती खलात घोटून 950 अंशांवर भाजली की पूड तयार.

आता ती पूड इपॉक्सीत मिसळायची. पहिल्यांदा मी शहाण्यासारखं मिश्रण मॅग्नेटिक स्टररवर ठेवलं आणि चहाला गेले. नाव वाचलंत? मॅग्नेटिक. आत फिरणारी पांढरी बीड हे एक चुंबक आणि माझी पूड त्या चुंबकाची सख्खी मावसबहीण. परत येऊन पाहते तर सगळी पूड बीडला लगडलेली, केसाळ सुरवंट गरगरतोय आणि भोवती इपॉक्सी स्वच्छ, मधासारखी पारदर्शक. मामांनी डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "गाळणी चांगली झालीय मॅडम."

मग हाताने ढवळणं आलं. फेराइटची घनता 5.3, इपॉक्सीची 1.2 च्या आसपास, त्यामुळे हात थांबला की पूड तळाशी. शिवाय बारीक कण एकमेकांना धरून बसतात. पिठल्यात गुठळ्या होतात, तसंच. वजनाने 70 टक्के पूड घातली की घट्ट गोळा होतो आणि आपल्याला वाटतं, आता सगळं चुंबकच आहे. हिशेब केला तर आकारमानाने ती पूड जेमतेम 35 टक्के भरते, बाकी नुसता डिंक. हार्डनर (इपॉक्सी कडक करणारं द्रव्य) घातल्यावर मन लावून ढवळत बसलं तर पेला हाताला चटके देतो आणि चमचा आतच कायमचा उभा राहतो. असे दोन पेले माझ्या टेबलावर आहेत, पेपरवेट म्हणून. हवेचे बुडबुडे काढायला व्हॅक्यूममध्ये ठेवलं की तेच मिश्रण दुधासारखं उतू जातं.

तर अशी एक चकती अखेर जमली. गुळगुळीत, काळीभोर, बुडबुडा नाही. घरी आणली आणि आईसमोर ऐटीत फ्रीजच्या दाराला लावली.

ती टपकन खाली पडली.

"चुंबक आहे ना?" आईने विचारलं. आता तिला काय सांगू, की चकती तयार झाली म्हणजे ती चुंबक झाली असं नसतं, आतल्या कणांचं चुंबकत्व अजून दहा दिशांना तोंड करून बसलंय, चकती एकदा जबरदस्त चुंबकीय क्षेत्रात घालून ते एका दिशेला वळवावं लागतं, आणि त्या यंत्राचा नंबर पुढच्या महिन्यात आहे. मी म्हटलं, "होईल."

रविवारी फ्रीजवाले काका आले. त्यांनी गॅस्केट पाहिलं, आमचाच हेअर ड्रायर मागून घेतला, वाकडी झालेली कड गरम करून बोटांनी सरळ केली. दहा मिनिटं. दार टप्पकन चिकटलं. मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काका, या पट्टीत काय असतं माहितीये?"

"लोहचुंबक," ते म्हणाले आणि चहा घेतला.

स्टूल पुन्हा स्वयंपाकघरात गेलं. माझी चकती आईने त्याच्या आखूड पायाखाली सरकवली. बरोब्बर बसली. आता खडखडत नाही.