‘मिटवून टाका’ म्हणणाऱ्यांना

गणपतीला दोन महिने राहिले की नाशिकमध्ये ढोलपथकांचे सराव सुरू होतात आणि पाठोपाठ आमच्या जुन्या ग्रुपवर तोच वाद. पथकातल्या एखाद्या दादाबद्दल मुलीनं तक्रार केली, तर करायचं काय? यंदा एका ज्येष्ठांनी लिहिलं, “घरातलं आहे, दोघांना बसवा आणि मिटवून टाका.” दुसऱ्यानं ठणकावलं, “थेट पोलिसांत.” मी न्यूझीलंडमध्ये राहतो, म्हणून तिसरा मला उद्देशून म्हणाला, “तुमच्या न्यूझीलंडमध्ये म्हणे गोल करून बसतात आणि रडतात.” खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

मला पहिल्याचा आणि तिसऱ्याचा राग एकाच कारणानं येतो. बसणं म्हणजे मिटवणं, असं दोघांनी धरून ठेवलंय. मिटवणं म्हणजे तोडगा आणि मिटवणं म्हणजे पुसून टाकणं. आपल्याकडे दोन्ही एकाच बैठकीत उरकतात.

इथे न्यूझीलंडमध्ये अल्पवयीनांच्या गुन्ह्यांत कुटुंबाची बैठक १९८९ पासून कायद्यातच आहे. मुळात ही इथल्या मूळ रहिवाशांची, माओरींची रीत. अधिकारी माहिती देतात आणि खोलीबाहेर जातात; घरचे आपापसात ठरवतात. प्रौढांच्या बाबतीत डिसेंबर २०१४ पासून जिल्हा न्यायालय शिक्षेआधी खटला थांबवून, त्रास झालेली व्यक्ती आणि आरोपी यांची समोरासमोर बैठक जमेल का हे तपासायला सांगतं, पण आरोपीनं गुन्हा कबूल केला असेल तरच. ज्याला “असं काही झालंच नाही” म्हणायचं आहे, त्याच्यासाठी बैठक नाही. लैंगिक त्रासाच्या प्रकरणांत ऑकलंडमधली प्रोजेक्ट रिस्टोअर ही संस्था तीन वेगळी माणसं नेमते: एक जिला त्रास झाला तिच्यासाठी, एक ज्यानं दिला त्याच्यासाठी, एक बैठक चालवायला. आपल्याकडे तिघांचं काम अध्यक्ष एकटेच करतात. बऱ्याचदा ते त्या दादाचे मामा असतात.

तर हे पथकात कसं करायचं? ढोल कमरेला बांधला जातो तिथून सुरुवात करू. नवख्या मुलीला दोरी स्वतः ओढून घट्ट करता येत नाही. मागून कुणीतरी बांधून देतो. हात कुठे लागला, मुद्दाम की चुकून, याचा साक्षीदार नसतो, कारण आजूबाजूला चाळीस ढोल घुमत असतात. मुलींचे ढोल मुलींनी बांधायचे आणि बांधण्याआधी विचारायचं, हा नियम सरावाच्या पहिल्याच दिवशी सांगितला तर निम्म्या तक्रारी जन्मालाच येणार नाहीत.

तक्रार घ्यायला दोन माणसं हवीत, त्यांतली एक बाई, आणि दोघंही पदाधिकाऱ्यांच्या घरचे नकोत. त्यांचे नंबर ओळखपत्राच्या मागे छापा. पहिल्या भेटीत तीनच प्रश्न: आत्ता सुरक्षित वाटतंय का, हे कुणाला कळलेलं चालेल, काय व्हावंसं वाटतं. “तू तिकडे कशाला गेलीस” हा प्रश्नच नाही, ती उलटतपासणी. तिचे शब्द तिच्याच भाषेत लिहायचे, तारीख घालायची, तिला वाचून दाखवायचे. त्याच दिवशी दोघांची रांग आणि वेळ वेगळी करायची, आणि हलवायचं त्याला. गाडी इथेच घसरते: “तू आठवडाभर येऊ नकोस, वातावरण निवळू दे,” असं तिलाच सांगितलं जातं, आणि ती कायमची जाते.

मग चाळणी. मुलगी किंवा मुलगा अठराच्या आतला असेल तर बैठकीचा विषय संपला. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मोठ्या व्यक्तीनं पोलिसांत जायचं ठरवलं तर पथकानं आडवं यायचं नाही, आणि बैठक झाली म्हणून तिचा तो हक्क जात नाही, हे लेखी द्यायचं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यातही समेट आहे, कलम १० मध्ये. पण तो तक्रारदार बाईनं मागितला तरच, आणि पैशाच्या मोबदल्यावर तर नाहीच. पथक हे कामाचं ठिकाण आहे का यावर वकील भांडोत. नियम उचलायला काय हरकत आहे?

एवढं झाल्यावर तिला हवी असेल तरच बैठक, आणि तीही लगेच नाही. दोघांशी वेगवेगळं, निदान दोनदोनदा बोलायचं. त्याची माफी आधी ऐकायची. “तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी” यातला ‘असेल तर’ निघेपर्यंत तारीख द्यायची नाही. जागा अध्यक्षांचा बंगला नको, मांडवही नको. सहा-आठ माणसं, दीड तास, दोघांच्या येण्यात पंधरा मिनिटांचं अंतर, तिच्यासोबत तिनं निवडलेलं माणूस. पाया पडणं, मिठी, “आता हसा बरं” हे सगळं बंद. माफ करणं हे तिच्या कामांच्या यादीत नाही. शेवटी कागद: यंदा मिरवणुकीत तो नाही, दोन वर्षं पद नाही, अट मोडली तर कोण काय करणार. तपासणी पंधरा दिवसांनी, तीन महिन्यांनी आणि पुढच्या सरावाआधी. ही शेवटची तपासणी हमखास विसरली जाते, आणि पुढच्या वर्षी मिरवणूक निघते त्या वाकडी बारवेपाशी तोच दादा शिट्टी घेऊन उभा असतो.

‘थेट पोलिसांत’ म्हणणाऱ्यावर मात्र चिडता येत नाही. बसून ठरवण्याचं काय होतं, हे नाशिककरांना कुणी शिकवायला नको. २०१३ मध्ये आंतरजातीय लग्न केलेल्या गरोदर मुलीचा जीव बापानं घेतला, त्यानंतर अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं जातपंचायतींविरुद्धचं अभियान नाशिकमधूनच उभं राहिलं आणि २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा झाला. पंच, गोल, समाजाची इज्जत, हे शब्द तिथे रक्ताचे आहेत. आणि ज्यांच्या रीतीचं मी कौतुक सांगतो आहे, ते माओरी न्यूझीलंडच्या लोकसंख्येत साधारण सहावा हिस्सा आणि तुरुंगात निम्म्याहून जास्त. हा आकडा ग्रुपवर कधी टाकला नाही. आपली बाजू पडते.

आणखी एक टाकलेलं नाही. नाशिकमध्ये एका पथकातून निघालेली मुलगी दुसऱ्या पथकात जाऊ शकते. इथे न्यूझीलंडमध्ये आमच्याकडे हॉल एक, गणपती एक. तक्रार करणारी बाई मंडळासोबत मोदक गमावते, मुलांचा मराठीचा वर्ग गमावते, घराबाहेर मराठीत भांडायची एकमेव जागाही गमावते. म्हणून ती बोलत नाही, आणि आम्ही ‘आपलं चांगलं चाललंय’ म्हणत प्लेट, म्हणजे घरून एक पदार्थ, आणायची आठवण करतो. यंदाच्या आमंत्रणात पार्किंगसाठी एक नंबर आहे, शेंगदाण्याच्या ॲलर्जीसाठी एक. तिसरा नंबर कुणाचा द्यायचा, हे अजून कुणी विचारलेलं नाही. मीही नाही.