‘सर्वानुमते’ लिहिण्यापूर्वी

1 जून ते 31 जुलै या मासेमारी बंदीच्या काळात नौका शाकारून किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, आणि आमच्या रत्नागिरीकडच्या मच्छीमार संस्थांच्या सभांना एरवी समुद्रावर असणारे संचालकही हजर राहतात. यंदा याच दिवसांत एका संस्थेचे जुने इतिवृत्त पुन्हा वाचावे लागले. बर्फ फोडण्याच्या यंत्राच्या दुरुस्तीविषयी त्यात एवढेच होते: ‘सदर विषयावर साधकबाधक चर्चा होऊन योग्य ती कार्यवाही करण्याचे सर्वानुमते ठरले.’ किती रकमेपर्यंत, कोणी आणि कधीपर्यंत, याचा पत्ताच नाही. अध्यक्षांच्या प्रास्ताविकाला मात्र पाऊण पान दिलेले! त्या सभेला मी होतो. दोन संचालकांनी खर्चाला स्पष्ट विरोध केला होता, पण सचिवांच्या सवयीच्या एका शब्दात तो विरून गेला.

हा शब्द सवयीने लिहिण्यासारखा नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 73 नुसार संस्थेच्या समितीच्या, म्हणजे संचालकांच्या, निर्णयांची जबाबदारी समितीच्या सर्व सदस्यांवर संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्याही येते. ज्याने विरोध केला आणि ज्याचा विरोध इतिवृत्तात नोंदला गेला, तो त्या निर्णयापुरता मोकळा राहतो. तोंडी विरोध करून घरी गेलेल्याला उद्या वसुलीची नोटीस आली, तर दाखवायला त्याच्याकडे काय असणार? म्हणून विरोधकाचे नाव आणि एका वाक्यात त्याचे कारण लिहिणे हा सचिवाचा आगाऊपणा नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. गैरहजर सदस्यांनीही पुढच्या सभेत मागचे इतिवृत्त कायम करताना मान डोलावण्याआधी ते नीट ऐकावे, कारण आपण नसतानाच्या कामकाजाला नंतर मान्यता दिली की गैरहजेरीची सबब उरत नाही.

माझ्या सचिवपदाच्या काळात मी एकच शिस्त पाळली: ठराव, सूचक, अनुमोदक, रक्कम, मुदत आणि जबाबदार व्यक्ती हे सर्व पुढच्या विषयाला हात घालण्यापूर्वी मोठ्याने वाचून दाखवायचे. सभा लांबते म्हणून कुरकुर होई, पण दुरुस्ती जागच्या जागी होई. ‘ऐनवेळचे विषय’ या मथळ्याखाली तर मी अधिकच सावध असे, कारण सभा संपल्यावर सुचलेले ठराव नेमके तिथेच घुसतात. त्यासाठी सह्या होण्यापूर्वी, शेवटच्या ओळीखालच्या कोऱ्या जागेवर सर्वांसमक्ष तिरकी रेघ मारत असे.