एका टेकमध्ये बघून दाखवा

चूक माझीच होती. ऑफिसात डब्याच्या वेळी सगळ्याजणी 'अ‍ॅडोलसन्स' या नेटफ्लिक्सवरच्या ब्रिटिश सिरियलवर बोलत होत्या आणि मी आपली बघितल्यासारखी मान हलवत होते. तेवढ्यात एकीने विचारलं, तुला तो ड्रोनचा सीन कसा वाटला गं? मी म्हटलं, गोड होता. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, कारण त्या सीनमध्ये कॅमेरा शाळेवरून उडत उडत जिथे मुलीचा खून झाला त्या जागेवर जाऊन उतरतो. घरी आल्या आल्या ठरवलं, आता बघायचीच. चारच तर भाग, साधारण तासाभराचे, चार दिवसांत उरकू.

एकोणीस दिवस लागले.

गोष्ट सगळ्यांना माहीत असेलच. इंग्लंडात, यॉर्कशायरकडचं एक गाव, पहाटे पोलीस दार फोडून प्लंबरच्या घरात शिरतात आणि त्याच्या तेरा वर्षांच्या पोराला, जेमीला, शाळेतल्या मुलीच्या खुनाच्या आरोपाखाली उचलून नेतात. पण खरी मेख म्हणजे यात कॅमेऱ्याला कटच नाही. प्रत्येक भाग सुरुवातीपासून शेवटापर्यंत एका दमात शूट केलाय. एकेका भागाला तीन तीन आठवडे, आधी कलाकारांच्या तालमी, मग कॅमेऱ्यासकट तालमी, आणि शेवटच्या आठवड्यात दिवसातून दोनदा अख्खाच्या अख्खा भाग. शेवटच्या भागाचा आपण बघतो तो सोळावा टेक आहे.

आता हे कौतुकाचं आहे, मान्य, पण कट नाही म्हणजे उठायला जागा नाही हे त्या लोकांच्या लक्षात आलं नसावं. आपली मराठी सिरियल कशी स्वयंपाकघराच्या मापाने शिवलेली असते. कुणी दार उघडलं की सगळ्यांचे चेहरे तीन तीनदा, ढण् ढण् ढण्, तेवढ्यात आपली भाजी परतून होते, जाहिरातीत कणीक मळून होते, आणि परत येऊन बसावं तर दार अजून उघडतंच आहे. इथे मी कुकर बंद करायला गेले आणि आले तर पोलीस घरातून निघून ठाण्यात पोचलेले, पोराची झडती चाललेली. रिमोट नवऱ्याकडे. पॉज का नाही केलंस विचारलं तर म्हणतो, अगं त्यांनी एवढ्या मेहनतीने एका टेकमध्ये केलंय, आपण मध्ये थांबवणं बरं दिसत नाही. हा माणूस लग्नाच्या पंगतीत तीनदा फोनवर बोलायला उठलेला आहे!

सासूबाईंची सिरियल साडेनऊला संपते, म्हणजे आमचा नंबर त्यानंतर, आणि त्याही बसणारच. (पुढचं बघितलं नसेल तर हा पॅरा सोडा.) पहिल्याच भागाच्या शेवटी पोलीस बाप-लेकासमोर सीसीटीव्हीचं फुटेज लावतात, त्यात सगळं स्वच्छ दिसतं. बाप कोसळला, मी हुंदका आवरतेय, आणि शांतपणे सासूबाई, "जुळा भाऊ असणार." मी म्हटलं, "आई, त्याला फक्त एक बहीण आहे." तर म्हणाल्या, "आत्ता आहे. अजून तीन भाग आहेत ना?" पंचवीस वर्षांचा सिरियलींचा अनुभव आहे, त्यापुढे सीसीटीव्ही काय टिकणार.

दुसऱ्या भागाला आमचे चौदा वर्षांचे चिरंजीव पाणी प्यायला म्हणून बाहेर आले आणि बाटली हातात धरून तिथेच उभे राहिले. त्या भागात इन्स्पेक्टरचा स्वतःचा मुलगाच त्याला बाजूला घेऊन सांगतो की बाबा तुम्हाला काही कळत नाहीये, या इमोजींचे अर्थ वेगळे असतात. लाल बदाम म्हणजे प्रेम, पिवळा म्हणजे मला इंटरेस्ट आहे तुला आहे का, केशरी म्हणजे होईल सगळं ठीक. आणि जांभळा म्हणजे, जाऊ दे, चावटपणा. सासूबाई एकदम ताठ झाल्या. "जांभळा म्हणजे काय म्हणाला तो?" चिरंजीवांनी तोंड बाटलीत घातलं. नंतर कळलं, त्यांच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर, पेटी वाजवणाऱ्या काकांच्या पंचाहत्तरीला, सात जांभळे बदाम गेलेले होते. का, तर त्यांना जांभळा रंग आवडतो. रात्री साडेदहाला नातू आजीला डिलीट फॉर एव्हरीवन शिकवत बसला, पण मेसेज जुना, तो काही सगळ्यांकडून जाईना.

तिसरा भाग म्हणजे एक खोली, तो पोरगा आणि मानसशास्त्रज्ञ बाई. बस. आणि तरी मी सोफ्याची उशी कुरतडायची बाकी ठेवली होती. मध्येच तो जांभई देतो आणि ती विचारते, मी बोअर करतेय का तुला? ती जांभई खरी होती म्हणे, त्याच दिवशी आधी एक टेक झाला होता, पोरगं दमलेलं, आणि बाईंचं वाक्यही आयत्या वेळचं. नेमकी तेव्हाच माझ्या नवऱ्याने जांभई दिली आणि मीही तेच विचारलं. आमचा मात्र पहिलाच टेक होता.

त्या पोराचं, ओवेन कूपरचं, हे पहिलंच काम. 2025 मध्ये त्याला एमी, म्हणजे टीव्हीचं मोठं बक्षीस, मिळालं, पंधराव्या वर्षी. हे मी जेवताना नुसतं सांगितलं, तुलना वगैरे नाही केली, फक्त सांगून ओल्या टॉवेलकडे बघितलं.

चौथ्या भागात बापाचा पन्नासावा वाढदिवस असतो. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. शेवटी तो पोराच्या रिकाम्या खोलीत जातो तेव्हा कुकरही नव्हता आणि कुणी उठलंही नाही. बऱ्याच वेळाने सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे जुळा नव्हताच."

मी चिरंजीवांच्या दारापर्यंत गेले. आत उजेड. आत जाऊन काय बोलणार, दुसऱ्या दिवशी त्याची गणिताची युनिट टेस्ट. बाहेरूनच फोनवर एक केशरी बदाम पाठवला.

दोन निळ्या टिका. मग टायपिंग. मग थांबलं. मग परत टायपिंग.

"आई झोप."