लेन्सचा नंबर वय विचारून ठरत नाही

मावशीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख ठरली आणि तिच्या फोनवर तो मेसेज येऊन पडला: "बायकांचा डोळा लहान, पुरुषांचा मोठा. वयाप्रमाणे लेन्सचा नंबर ठरलेलाच असतो. मोजणी हा बिल वाढवायचा धंदा आहे. एकच डोळा मोजा, आणि मोतीबिंदू पूर्ण पिकू द्या." आता मावशी, ऑपरेशनमध्ये बसवायच्या कृत्रिम लेन्सची पॉवर ठरवण्यासाठी डोळ्याची जी मोजणी करतात, तिलाच नको म्हणते आहे. म्हणून हा खटाटोप.

बायकांचा डोळा सरासरीने लहान असतो, हे खरं. पण किती? लांबीत साधारण अर्धा मिलिमीटर. शिवाय त्यांच्या बुबुळाची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, म्हणजे कॉर्नियाची) वक्रता थोडी जास्त असते, त्यामुळे आखूड डोळ्याची काही भरपाई तिथेच होते. दोन बायकांच्या डोळ्यांत याहून कितीतरी मोठा फरक सहज सापडतो. उंच बाईचा डोळा बुटक्या पुरुषाच्या डोळ्यापेक्षा लांब असू शकतो. सरासरी घेऊन एकाच माणसाच्या डोळ्यात लेन्स कशी बसवणार?

'ठरलेला नंबर' हा यातला सगळ्यात घातक भाग. १९८० च्या सुमाराचा एसआरके फॉर्म्युला बघा: लेन्सची पॉवर = ए − २.५ × डोळ्याची लांबी − ०.९ × बुबुळाची पॉवर. 'ए' हा त्या लेन्सचा स्थिरांक, समजा ११८.४. बुबुळाची पॉवर ४४ आणि लांबी २३.५ मिमी असेल तर उत्तर येतं साधारण २०. लांबी २२.५ केली की तेच साडेबावीस होतं. एका मिलिमीटरला अडीच डायॉप्टर (लेन्सच्या पॉवरचं एकक)! या सूत्रात वय नाही, स्त्री-पुरुष नाही. आता याहून अचूक सूत्रं वापरतात. त्यांतलं केन सूत्र स्त्री की पुरुष हेही विचारतं, पण लांबी आणि के रीडिंग (बुबुळाच्या वक्रतेचं माप) भरल्याशिवाय तेही उत्तर देत नाही. १९४९ मध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी लंडनमध्ये पहिली कृत्रिम लेन्स बसवली, तेव्हा पॉवरचा हिशेब चुकून रुग्णाला मोठा मायनस नंबर आला होता. पुढेही बरीच वर्षं सरसकट एकच पॉवर बसवत. ऑपरेशन उत्तम व्हायचं आणि कित्येकांच्या नाकावर जाड चष्मा यायचा. मेसेजवाल्यांना आपल्याला परत तिथेच न्यायचंय का?

वयाचं म्हणाल तर वय वाढतं तशी डोळ्यातली नैसर्गिक लेन्स जाड होते आणि तिच्यापुढची जागा उथळ होते. बुबुळाची सर्वांत जास्त वक्रताही तरुणपणी बहुधा उभ्या दिशेत असते, ती उतारवयात आडव्या दिशेकडे सरकत जाते. म्हणजे वयामुळे मोजणीची गरज वाढते.

एकच डोळा मोजायचा? दोन्ही मोजले की चूक पकडता येते. लांबीत ०.३ मिमीच्या वर फरक दिसला तर पुन्हा मोजतात.

आणि ते पिकवणं! मोतीबिंदू फार घट्ट झाला की प्रकाशाने मोजणारं यंत्र आरपार बघू शकत नाही. मग ए-स्कॅन (ध्वनिलहरींनी डोळ्याची लांबी मोजणं) करावा लागतो. त्यात बुबुळाला टेकवलेला प्रोब जरा दाबला गेला तरी डोळा आहे त्यापेक्षा आखूड भरतो आणि लेन्स जास्त पॉवरची निवडली जाते.

मोजणीला जाताना दोन गोष्टी मात्र स्वतःहून सांगा: कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर ते, आणि पूर्वी चष्मा घालवायचं लेझर केलं असेल तर तेही. दोन्हींनी के रीडिंग फसतं. कॉन्टॅक्ट लेन्स किती दिवस आधी बंद करायच्या, हे तारीख घेतानाच विचारून घ्या.