तुम्ही कोणाचे?

घर घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला मी हल्ली एकच सांगते. एजंट चांगला आहे का ते नंतर बघा, तो कोणाचा आहे ते आधी विचारा.

हे शहाणपण मला फुकटात आलेलं नाही. पहिलं घर बघायला गेलो तेव्हाचा एजंट फारच लाघवी होता. स्वतःच्या गाडीतून नेलं, वाटेत लेकीच्या शाळेची चौकशी केली. परतताना सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा आरशातून मागे बघत सहज म्हणाला, "ताई, अगदी मनातच भरलं तर कुठपर्यंत ताणाल?" मी आकडा सांगून मोकळी झाले! वर, आहे ते घर दोन महिन्यांत सोडायचंय हेही सांगितलं. समोरून उत्तर आलं ते बरोबर त्या आकड्याला टेकून. तो एजंट विकणाऱ्याने नेमलेला होता. त्याने फसवलं वगैरे काही नाही, त्याचं काम केलं. त्याला 'आपला एजंट' मीच म्हणत होते, आणि तेही का, तर गाडीत बसवलं म्हणून.

विकणाऱ्याचा एजंट आणि घेणाऱ्याचा एजंट हे समजायला सोपं आहे. घोळ होतो 'दोघांचा' म्हणवणाऱ्यापाशी. एकाला भाव चढायला हवा, दुसऱ्याला उतरायला, आणि दोघांच्या मनातला शेवटचा आकडा एकाच माणसाच्या खिशात. दोन्ही डगरींवर हात ठेवून घासाघीस कोणासाठी करणार तो? कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाने जून २०१८ पासून मोजके अपवाद सोडून हा प्रकार बंदच केला. अमेरिकेत फ्लोरिडा आणि कोलोरॅडोतही एका एजंटाला दोन्ही बाजूंची वकिली करता येत नाही. तिथे तो फार तर तटस्थ राहून व्यवहार पार पाडून देऊ शकतो. असा तटस्थ माणूस वाईट नाही हं. भाव तुम्हाला पक्का ठाऊक असेल आणि कागद बघायला स्वतःचा वकील असेल तर तो पुरतो. फक्त त्याच्याकडून सल्ल्याची अपेक्षा धरू नका. आणि दोन्ही बाजूंचे एजंट वेगळे पण ऑफिस एकच असेल, तर साहेबही एकच असतो, हे विसरू नका.

बरं, स्वतःचा एजंट नेमला म्हणजे सुटलो, असंही नाही. त्याचा हिशोब बघा. दलाली दोन टक्के धरू. शंभराचं घर एकशेतीनला गेलं तर विकणाऱ्याला तीन जास्त मिळाले, एजंटाला जेमतेम सहा पैसे. त्यासाठी तो आणखी दोन आठवडे कशाला थांबेल? स्टीव्हन लेविट आणि चॅड सिव्हरसन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो परिसरातल्या सुमारे एक लाख घरविक्री तपासल्या. एजंट स्वतःचं घर विकतो तेव्हा ते साधारण साडेनऊ दिवस जास्त बाजारात ठेवतो आणि ३.७ टक्के जास्त भाव घेतो, असं त्यांना दिसलं. २००८ मध्ये हा अभ्यास छापून आला. म्हणून मी आता एजंटाला विचारते, "हे तुमचं घर असतं तर आज विकलं असतं?" उत्तरापेक्षा उत्तराआधीचा थांबा ऐकण्यासारखा असतो.

राहिला करार. अमेरिकेत कमिशनवरून झालेल्या दाव्यांतल्या तडजोडीनंतर १७ ऑगस्ट २०२४ पासून घेणाऱ्याला घर दाखवण्याआधी एजंटाने लेखी करार करायचा आणि आपलं कमिशन त्यात स्पष्ट लिहायचं, असा नियम आला. घर बघायच्या आधीच सही कसली, म्हणून लोक कुरकुरले. मला विचाराल तर बरंच झालं. कोण कोणाचा हे निदान कागदावर तरी येतं. पण सही करताना भीड बाजूला ठेवा. मुदत किती, मध्येच मोडता येईल का, आणि मुदत संपल्यावरही त्याने दाखवलेलं घर घेतलं तर दलाली द्यावी लागेल का, एवढं वाचाच. हे शेवटचं कलम बहुतेकांना नंतर कळतं. कोणकोणती घरं दाखवली त्याची यादी लिहून मागा.

दुसऱ्या वेळी मी फोनवरच विचारलं, "तुम्ही कोणाचे?" एकजण हसून म्हणाला, "मी तर सगळ्यांचाच!" त्याला नमस्कार केला. दुसरा म्हणाला, "हे घर आमच्याच ऑफिसकडे विकायला आहे, त्यामुळे याच्यासाठी तुमच्या बाजूने नाही बोलता येणार. बाकीची दाखवतो." त्याच्याकडे सही केली. महिन्याभराचीच.