मास्तरांचा पुतळा कोण उभारतं?

'पिंजरा'तल्या मास्तरांनी फासावर जायला नको होतं. हे मी गेली कित्येक वर्षं म्हणत आलेय आणि दर वेळी कुणी ना कुणी माझ्यावर तुटून पडतं. म्हणून आज सविस्तर लिहिते. त्यासाठी 'पिंजरा'च्या मागे दोन पावलं आणि पुढे एक पाऊल जावं लागेल, वाटेत 'बनगरवाडी' आणि चेकॉव्हची एक कथाही येईल. बहुतेकांचे शेवट मी सांगून टाकणार आहे. ज्यांना ते आधी कळलेले चालत नाहीत त्यांनी इथेच थांबावं.

व्ही. शांताराम यांचा 'पिंजरा' 1972चा. तो 1930च्या 'द ब्लू एंजल' या जर्मन चित्रपटावर बेतला आहे, आणि 'द ब्लू एंजल' हाइनरिश मान यांच्या 1905 सालच्या 'प्रोफेसर उनराट' या कादंबरीवर. एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं. पण चर्चा 'उचललं की आपलंसं केलं' याच्यापुढे जात नाही. मला त्या वादात रस नाही. शिस्तीचा शिक्षक, त्याला पडलेली नाचणाऱ्या बाईची भूल आणि त्याची घसरण हा सांगाडा तिन्ही ठिकाणी एकच आहे. पण प्रत्येक वेळी भोवतालचं गाव बदललंय, आणि माझं सगळं म्हणणं त्या गावाबद्दल आहे.

कादंबरीपासून सुरुवात करू. मान यांचा प्राध्यापक मुळीच आदर्श नाही. कादंबरीचं उपशीर्षकच 'एका जुलमी माणसाचा अंत' अशा अर्थाचं आहे. त्याचं नाव राट, पोरांनी त्याचं केलं उनराट, म्हणजे घाण. हे नाव ऐकलं की तो पिसाळतो आणि म्हणणाऱ्याचं आयुष्य बरबाद करायला टपलेला असतो. लोमान नावाच्या विद्यार्थ्याच्या वहीत त्याला एका गायिकेवर लिहिलेल्या ओळी सापडतात. पोराला रंगेहाथ पकडायला म्हणून तो त्या गुत्त्यात जातो आणि स्वतःच अडकतो. नोकरी जाते. तो त्या गायिकेशी, रोझाशी, लग्न करतो. आणि मग हा पडलेला माणूस रडत बसत नाही, गावावर सूड उगवतो. त्याच्या घरी जुगार चालतो, गावातली प्रतिष्ठित मंडळी रात्री तिथे येतात आणि एकेक करून धुळीला मिळतात. शेवटी त्याला आणि रोझाला पोलीस घेऊन जातात, तेव्हा हेच गावकरी रस्त्यावर उभे राहून हुर्यो करतात. मान यांना शिक्षकाचा राग आहेच, पण गावाचा त्याहून जास्त आहे. या माणसाला बुडवायला बाई लागली असेल, पण गावाला बुडायला कुणाचीच गरज नव्हती. ते आतून सडलेलंच होतं.

पंचवीस वर्षांनी जोसेफ फॉन स्टर्नबर्ग यांनी चित्रपट केला तेव्हा सूडाचा हा सगळा भाग काढून टाकला. वहीतल्या ओळी गेल्या, त्यांच्या जागी आलं एक चित्रकार्ड. त्यावर गुत्त्यातली गायिका लोला लोला, म्हणजे मार्लिन डीट्रिश. तिच्या घागऱ्याच्या जागी खरी पिसं चिकटवलेली. पोरं त्यावर फुंकर मारतात आणि खिदळतात. प्राध्यापक ते कार्ड जप्त करतो आणि नंतर एकटा असताना, इकडेतिकडे बघून, स्वतःही हळूच फुंकर मारतो. माझ्या मते तो मनातून कधी घसरला याचं उत्तर या फुंकरीत आहे. कादंबरीला जे सांगायला पानं लागली असती ते प्राध्यापक झालेले एमिल यानिंग्स गाल फुगवून सांगतात.

याच चित्रपटाच्या सुरुवातीला आणखी एक जागा आहे. सकाळी न्याहारीच्या वेळी प्राध्यापक आपल्या पक्ष्याला शीळ घालतो, उत्तर येत नाही. पिंजऱ्यात पक्षी मेलेला. घरकाम करणारी बाई तो उचलून शेगडीत टाकते आणि म्हणते, तसाही तो गात नव्हताच. पुढे लोलाच्या खोलीत त्याला सकाळी जिवंत पक्ष्याचं गाणं ऐकू येतं. म्हणजे त्याचं आधीचं नीटनेटकं, वेळेवर चालणारं आयुष्यच मेलेलं होतं, असं चित्रपट आपल्याला सुचवून ठेवतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, मी 'पिंजरा'कडे येताना ती लागणार आहे.

चित्रपटातला प्राध्यापक केविलवाणा होतो. तोच आपल्या गावात विदूषक म्हणून रंगमंचावर उभा राहतो, त्याला कोंबड्यासारखं आरवायला लावतात, आणि त्या रात्री तो आपल्या जुन्या वर्गात जाऊन टेबल घट्ट धरून मरतो. आता गाव गुन्हेगार राहिलेलं नाही, नुसतं प्रेक्षक झालंय. निर्दय प्रेक्षक, पण प्रेक्षकच.

आणि मग 'पिंजरा'.

इथे मास्तर गावाचं दैवत आहेत. त्यांच्यामुळे गाव सुधारलंय. तमाशा नको म्हणून ते चंद्रकलेचा फड हाकलतात, आणि ती त्यांना बोर्डावर तुणतुणं घेऊन उभं करण्याची प्रतिज्ञा करते. पुढे मास्तर तिच्यात गुंततात आणि एका खुनाच्या निमित्ताने, प्रेताला आपले कपडे घालून, स्वतः मेल्याचा देखावा उभा करतात. गाव हळहळतं. मास्तरांचा पुतळा उभारतं. खरे मास्तर फडाबरोबर भटकत, तुणतुणं वाजवत, लाचार होत जगत राहतात आणि शेवटी मास्तरांच्याच खुनाच्या आरोपात सापडतात. खरं सांगितलं तर जीव वाचेल, पण पुतळा पडेल. ते गप्प राहतात आणि फाशी स्वीकारतात.

पटकथा म्हणून ही कल्पना थक्क करणारी आहे. माणसाला स्वतःच्याच खुनासाठी फाशी. मूळ दोन्ही कलाकृतींत हे कुठेच नाही, हे मराठी मंडळींनी रचलेलं आहे आणि निव्वळ नाट्य म्हणून मला ते मुळापेक्षा वरचढ वाटतं. डॉ. श्रीराम लागूंचा त्या शेवटच्या भागातला चेहरा विसरता येत नाही. त्यामुळे माझा राग कुणी कलाकृतीला कमी लेखणं समजू नये.

माझा आक्षेप चित्रपट कुणाच्या बाजूने उभा राहतो याला आहे. तो पुतळ्याच्या बाजूने उभा राहतो. मास्तर मेले तरी चालेल, आदर्श जगला पाहिजे, हे तो आपल्याला डोळ्यांत पाणी आणून पटवतो. गाव इथे पूर्णपणे निष्पाप झालंय. भोळं, श्रद्धाळू, सत्य झेपणार नाही असं. 1905मध्ये जे गाव सडकं होतं, 1930मध्ये निर्दय होतं, ते 1972मध्ये लेकरू झालं. आणि गाव जसजसं निर्दोष होत गेलं तसतसा सगळा दोष दोघांच्या माथी येत गेला: एक तो माणूस आणि दुसरी ती बाई. एका माणसाला देव करायचं, त्याच्या आयुष्यात हसणं, स्पर्श, गाणं यांना जागाच ठेवायची नाही आणि मग तो कोसळला की त्याच्या दुबळेपणावर बोट ठेवायचं! स्टर्नबर्गने मेलेला पक्षी दाखवून निदान एवढं तरी कबूल केलं होतं की आधीचं आयुष्यही धड नव्हतं. 'पिंजरा'त मात्र चंद्रकला येण्याआधी सगळं ठीकच होतं, असं आपण मानून चालतो. पिंजरा तिचा, असं आपण म्हणतो. मला तर तो गावाने आधीच बांधलेला दिसतो.

यावर नेहमी येणारा युक्तिवाद असा की शांताराम यांना मूल्यांची गोष्ट सांगायची होती, माणसाची नाही. मान्य. पण जी मूल्यं टिकवायला एका माणसाला आपलं नाव, आपला देह आणि शेवटी आपला जीव गुपचूप टाकून द्यावा लागतो, त्या मूल्यांबद्दल एक तरी प्रश्न चित्रपटाने विचारायला हवा होता.

तो प्रश्न तीनच वर्षांत विचारला गेला, आणि योगायोग असा की त्याच नटाने विचारला. डॉ. जब्बार पटेल यांचा 'सामना', पटकथा विजय तेंडुलकरांची, 1975च्या बर्लिन महोत्सवात गेलेला. यातही लागू 'मास्तर'च आहेत. दारूत बुडालेले, कधीकाळी स्वातंत्र्यलढ्यात असलेले, आता कुठेही पडलेले असणारे. म्हणजे 'पिंजरा'तल्या मास्तरांची जी अवस्था लपवण्यासाठी एवढा खटाटोप झाला, त्याच अवस्थेत हा मास्तर पहिल्यापासून आपल्यासमोर आहे. याचा पुतळा कुणी उभारणार नाही. आणि नेमका हाच माणूस गावातल्या सत्ताधीशाला, निळू फुल्यांच्या हिंदुराव धोंडे पाटलाला, गावातून नाहीशा झालेल्या एका माणसाबद्दल विचारत राहतो, "मारुती कांबळेचं काय झालं?"

मला हे दोन चित्रपट एकापाठोपाठ बघावेसे वाटतात. लागू आणि निळू फुले दोन्हींत आहेत. पहिल्यात पडलेला मास्तर गप्प बसतो, कारण गावाने त्याला चांगलं मानलंय. दुसऱ्यात पडलेला मास्तर बोलतो, कारण त्याच्याकडे गमवायला चांगुलपणाचं प्रमाणपत्रच उरलेलं नाही. आणि गाव पुन्हा मान यांच्या गावाजवळ येतं: सगळ्यांना सगळं माहीत, कुणी बोलत नाही. माझ्यासाठी 'सामना' हेच 'पिंजरा'ला दिलेलं उत्तर आहे. तसं करणाऱ्यांच्या मनात होतं की नाही, हा वेगळा मुद्दा.

गप्प बसणाऱ्या गावावरून चेकॉव्हची 'पेटीतला माणूस' आठवते, 1898ची कथा. बेलिकोव्ह हा ग्रीक शिकवणारा शिक्षक, लख्ख उन्हातही रबरी बूट आणि छत्री घेऊन फिरणारा, कुठल्याही नव्या गोष्टीवर 'यातून काही भलतं व्हायला नको' म्हणणारा. एवढ्याशा भित्र्या माणसाने पंधरा वर्षं अख्खी शाळा आणि गाव धाकात ठेवलेलं असतं. तो मरतो तेव्हा सगळ्यांना सुटल्यासारखं वाटतं, आणि आठवड्याभरात सगळं पुन्हा जसंच्या तसं. चेकॉव्हने ही गोष्ट बेलिकोव्हच्या सहकाऱ्याच्या तोंडून सांगितलीय, आणि खरी मेख तिथे आहे. सांगणारा स्वतः त्या धाकात जगला, त्याने स्वतः काही केलं नाही. चार-दोन ओळींत चेकॉव्ह दाखवून देतो की पेटी एकट्या बेलिकोव्हची नव्हती.

या सगळ्यांत सुखरूप सुटलेला शिक्षक म्हणून मला एकच आठवतो, व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तला. 1955ची कादंबरी. औंध संस्थानातली धनगरांची वाडी, शाळा बंद पडलेली, पोरं मेंढरांमागे, आणि तिथे आलेला कोवळ्या वयाचा राजाराम सौंदणीकर. त्याला कुणी देव करत नाही. लोक त्याच्याकडून पत्रं लिहून घेतात, बाजारातून चीजवस्तू मागवतात, भांडणात त्याला मध्ये घेतात, त्याच्यावर रुसतात. तो शिकवतो थोडं आणि शिकतो पुष्कळ. पुढे दुष्काळ पडतो, वाडी ओस पडते, मास्तर निघून जातो. पराभव म्हटलं तर पराभव. पण त्याच्या पाठीमागे पुतळा नाही आणि पायांत बेडी नाही.

हे शक्य झालं त्यात निवेदनाचा मोठा हात आहे. गोष्ट मास्तर स्वतः सांगतो, त्यामुळे आपण त्याच्या डोळ्यांनी वाडी बघतो, कारभारी बघतो, आनंदा रामोशी बघतो, पण त्याच्याकडे फारसं बघत नाही. अमोल पालेकरांच्या 1995च्या चित्रपटात हे उलटं होणं अटळ होतं. कॅमेऱ्यासमोर मास्तरही वाडीतल्या माणसांमधला एक झाला. तिथे मला त्याचं कोवळेपण पुस्तकापेक्षा जास्त जाणवलं, आणि वाडीचा तो सावकाश उलगडत जाणारा सहवास कमी. दोन्ही हवेत, असं म्हणून मी पुढे जाते.

मुलांच्या बाकावरून बघितलं की पुतळा उभाच राहत नाही. मिलिंद बोकीलांच्या 'शाळा'त मुलं शिक्षकांना मागून एकेरीत बोलतात, नावं ठेवतात, आणि त्यातूनही एखाद्या सरांवर जीव टाकतात. उनराट हे नावही पोरांनीच ठेवलं होतं. पु. लं.चे चितळे मास्तर मोठ्या झालेल्या विद्यार्थ्याच्या आठवणीतून येतात, म्हणून ते इतके उबदार आहेत. त्यांच्यावर मी आज लिहीत नाही, कारण त्यांच्याबद्दल कुणाचं दुमत होणारच नाही.

आता जे मला सगळ्यात जास्त बोलायचं होतं ते. एवढ्या सगळ्यांत शिकवणारी बाई कुठे आहे? बाई आहे ती गाणारी, नाचणारी, भूल पाडणारी: रोझा, लोला, चंद्रकला. वर्गात खडू हातात घेऊन उभी असलेली, चुका करणारी, सत्ता गाजवणारी बाई मला इंग्रजीत भेटली, म्यूरिएल स्पार्क यांच्या 1961च्या 'द प्राइम ऑफ मिस जीन ब्रॉडी' या कादंबरीत. एडिंबराच्या शाळेतल्या या बाई मुलींना कला शिकवतात, प्रेम शिकवतात आणि त्याच उत्साहाने मुसोलिनीचं कौतुकही शिकवतात. त्यांचा पुतळा गाव उभारत नाही, त्या स्वतःच रोज थोडा थोडा घडवतात, आणि निवडलेल्या मुलींना त्याभोवती बसवतात. शेवटी त्यांच्यातलीच सँडी त्यांचा घात करते. स्पार्क हे रहस्य ठेवतच नाहीत, मध्येच सांगून टाकतात, कारण त्यांना 'कोणी केलं' यापेक्षा 'का करावं लागलं' यात रस आहे. 1969च्या चित्रपटाने दोन मुलींची पात्रं एकत्र केली आणि सँडी-ब्रॉडी यांची समोरासमोरची टक्कर शेवटाला आणली. मॅगी स्मिथ यांना त्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं, आणि ती टक्कर बघताना अंगावर काटा येतो. तरीही मी कादंबरीच वर ठेवीन. तिथे सँडी मोठी होऊन ख्रिस्ती मठात जोगीण (नन) होते, लोक भेटायला आले की ती जाळीच्या गजांना घट्ट धरून बोलते. बाईंपासून ती सुटली, पण सुटली असं म्हणवत नाही. चित्रपटाने हा भाग गाळला आणि आपल्याला हरलेल्या बाई आणि जिंकलेली मुलगी असा हिशोब हातात दिला.

अशी बाई मला मराठीत हवी आहे. आदर्श नको, त्यागमूर्ती तर नकोच. मुलांवर जीव लावणारी आणि त्याच जिवाने त्यांचं नुकसान करणारी, हुशार, हट्टी, कधी साफ चुकणारी. कथा असो, कादंबरी असो, चित्रपट असो, तुमच्या वाचण्या-बघण्यात आली असेल तर कृपा करून खाली नाव लिहा. आणि 'पिंजरा'च्या शेवटावरून ज्यांना माझ्याशी भांडायचंय त्यांनी आधी 'सामना' पुन्हा बघून यावं.