पाच चौकोन, चार हिरवे

काल रात्री भाचीने वर्डलचा फोटो पाठवला. वर्डल म्हणजे सहा प्रयत्नांत पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा खेळ: अक्षर योग्य जागी असेल तर चौकोन हिरवा, शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळा, नसेलच तर करडा. तिसऱ्या प्रयत्नात तिने 'लाइट' टाकलं होतं. पहिला चौकोन करडा आणि पुढचे चार हिरवे: आय-जी-एच-टी. खाली मेसेज, "मामा, तीनच चान्स उरलेत. अक्षरं टाकली की शब्द शोधून देणारी साइट असते ना, तिथे बघू का?"

मी तिला फोन केला आणि म्हटलं, साइट कुठे पळून जात नाही. आधी आपण दोघं बसू.

या विषयावर माझं मत ठाम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. 'पाच अक्षरी शब्द, त्यात अमुक अक्षरं हवीत' असं टाकलं की अशी साइट क्षणात यादी देते. यादी बरोबरच असते. पण तिच्यात रोजच्या वापरातला शब्द आणि जन्मात कुठे न वाचलेला शब्द शेजारी शेजारी, एकाच मापाने, ए टू झेड उभे असतात. वर्डल बनवणाऱ्या जोश वॉर्डल यांच्यापुढेही हाच प्रश्न होता. इंग्रजीतल्या पाच अक्षरी शब्दांची यादी सुमारे १२ हजारांची निघाली. त्यांच्या जोडीदाराने ती बसून चाळली, ओळखीचे शब्द तेवढे ठेवले आणि उरले साधारण अडीच हजार. म्हणजे उत्तर ओळखीच्या शब्दांतलं आणि साइट दाखवणार बारा हजारांतले. ते चाळण्याचं काम शेवटी आपल्यालाच करायचं असतं, आणि ते डोक्यात केलं तर चांगलं होतं.

तर भाचीला म्हटलं, पहिल्या चौकोनात एकेक अक्षर ठेवून बघ. फाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट असे सहा तिने भराभर सांगितले. मग थांबली. मी म्हटलं, ई ठेवून बघ. आकडा आठ! हा तिला सुचला नव्हता, कारण त्याचा उच्चार 'एट'. कान 'आइट' शोधत होता. मग दोन कमी वापरातले निघाले: समुद्रकिनाऱ्याला आत वळण असतं तो बाइट आणि जुन्या इंग्रजीतला वाइट. 'के'ने सुरू होणारा सरदार नाइटही तिच्या तोंडून आला, पण तो सहा अक्षरी. झाले नऊ शब्द आणि चान्स तीन. एकेक टाकत गेलो तर नशिबावर सोडल्यासारखंच.

इथे थांबून विचार करण्यात जी मजा आहे ती मला कुठल्याच यादीत सापडलेली नाही. उत्तर होऊच शकणार नाही असा शब्द मुद्दाम टाकायचा. आम्ही 'फॉर्म्स' टाकला. त्यात एफ, आर, एम, एस ही चारही अक्षरं आहेत, म्हणजे एका फटक्यात चार शब्दांचा निकाल. चारही करडे. मग 'ट्वाइन'. त्यात टी, डब्ल्यू, एन, ई. टी पहिल्याच जागी असल्यामुळे 'टाइट' असेल तरच तो हिरवा होणार, नाहीतर शेवटच्या टीमुळे पिवळा. काहीच लागलं नाही तर उरतो एकटा बाइट. नऊच्या नऊ शब्द दोन चालींत वेगळे! टी पिवळा, एन पिवळा. "नाइट!" ती ओरडलीच.

आपल्याला हे जड जातं त्याचं कारण मला वाटतं कानात आहे. आपण लिहितो तेच बोलतो, आणि मराठी शब्दकोड्यात एका चौकोनात अख्खं जोडाक्षर बसतं. 'स्ट्रेंग्थ' हा शब्द आपल्या कोड्यात दोन चौकोनांत मावेल. इंग्रजीत त्याला आठ लागतात, आणि त्या आठांत स्वर एकच. म्हणून इंग्रजी शब्द शोधताना उच्चार बाजूला ठेवून स्पेलिंग डोळ्यांसमोर आणावं लागतं. ए, ई, आय, ओ, यू यांपैकी काहीच बसत नसेल तर वाय बघायचा: क्रिप्ट, लिंफ, ट्रिस्ट. आपल्या कानाला तिथे साधी ऱ्हस्व इ ऐकू येते. एकच अक्षर दोनदा, तीनदा येऊ शकतं हेही पटकन सुचत नाही. 'मम्मी'मध्ये तीन एम आहेत. आणि क्यूनंतर यू हवाच असं सगळे धरून चालतात, पण फकीर आणि तलाक हे दोन्ही इंग्रजी कोशांत क्यूने लिहिलेले सापडतात, यूशिवाय. शब्द आपल्या ओळखीचे, फक्त पोशाख वेगळा.

कुठलं अक्षर आधी तपासायचं याचाही हिशोब आहे. स्क्रॅबल, म्हणजे अक्षरांच्या सोंगट्या जोडून इंग्रजी शब्द बनवायचा खेळ, तयार करणाऱ्या आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजून सोंगट्या ठरवल्या. शंभरातल्या बारा ई, क्यू आणि झेड एकेकच, त्यांना दहा-दहा गुण. एस मात्र चारच, नाहीतर जो तो अनेकवचनं करत बसला असता. पाच चौकोनांत २६ अक्षरं कशीही भरली तर १ कोटी १८ लाख ८१ हजार ३७६ जुळण्या होतात. त्यातून अडीच हजारांपर्यंत माणूस पोचतो तो या सवयीच्या बळावर.

साइट वापरूच नका असं माझं म्हणणं नाही. मी वापरतो, पण कोडं सुटल्यावर. आपल्याला न सुचलेले शब्द कोणते होते ते बघतो आणि त्यांचा अर्थ कोशात वाचतो. अर्थ न कळता नुसता चौकोनात बसलेला शब्द मी सापडला असं धरत नाही. मुलांच्या हातात ती यादी पहिल्याच मिनिटाला जाते याचं मला खरंच वाईट वाटतं.

फोन ठेवताना भाचीला एक कोडं दिलं: सहा अक्षरी रोजचा शब्द, पाच स्वरांपैकी एकही नाही, आणि एच दोनदा. साइट बघायची नाही. आज सकाळी पावणेसातला तिचा मेसेज आला, पुढेमागे काही नाही, नुसतं "रिदम".